वाचनालयात कन्सोल नको, कॉम्प्युटर हवा

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. गावात शिकून पुण्याला नोकरीला लागलेल्या एका तरुणाने यंदा बालविभागासाठी देणगी दिली आणि कार्यकारिणीत वाद सुरू झाला. काहींचं म्हणणं, एक गेमिंग कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र, आणि मोठा टीव्ही घ्यावा, म्हणजे लेकरं वाचनालयाची पायरी चढतील. काहींचं म्हणणं, वाचनालयात खेळ कशाला, त्या पैशांत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्या. मीही कार्यकारिणीत आहे. माझं मत असं की खेळ जरूर आणावा, त्यातही संसाराचा, शेतीभातीचा, जगण्याचा खेळ आणावा. पण तो कन्सोलवर नको, कॉम्प्युटरवर हवा. पडद्यावर खेळ दोन्हीकडे सारखाच दिसतो, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं, कशावरही खेळला तर काय बिघडलं? काय बिघडतं ते मी माझ्याच घरात पाहिलं आहे.

आधी हा खेळ काय असतो ते सांगतो, कारण बैठकीत अनेकांना खेळ म्हटलं की बंदुकाच आठवल्या. जगण्याच्या खेळात रोजचा दिवस काढायचा असतो. घर चालवायचं, काम करायचं, शेजाऱ्यांशी नातं जोडायचं, पैका गाठीला बांधायचा. या प्रकाराला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. १९८५ साली आलेल्या 'लिटल कॉम्प्युटर पीपल'मध्ये पडद्यावरच्या घरात एक माणूस राहायला यायचा आणि आपण त्याची काळजी घ्यायची. २००० साली 'द सिम्स' आला आणि प्रकार जगभर पोचला. यातला मला सगळ्यांत जवळचा वाटणारा खेळ म्हणजे 'स्टारड्यू व्हॅली'. आजोबांनी मागे ठेवलेल्या पडीक शेतावर एक तरुण शहरातली नोकरी सोडून येतो, गावचा प्रमुख लुईस त्याला पार्सनिप नावाच्या कंदाच्या १५ बिया देतो, आणि तिथून सुरुवात. चार ऋतू, प्रत्येक २८ दिवसांचा. नांगरट, पेरणी, पाणी देणं, मासे धरणं, गावातल्या लोकांना वाढदिवसाला भेट देणं.

हा खेळ कॉम्प्युटरवर २६ फेब्रुवारी २०१६ ला आला. ते वर्ष आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. स्टेशनवर माणसं पाणी बघायला जमली होती. मला या खेळाची ओळख पुष्कळ उशिरा झाली, पण त्यातलं काठोकाठ भरलेलं तळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या वाघिणीच आठवल्या.

तळ्याची गोष्ट आईनेही काढली. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही संभाजीनगरला बहिणीकडे गेलो होतो. भाची तेव्हा आठवी संपवून नववीत जाणार होती. तिच्या वडिलांनी घेतलेल्या प्लेस्टेशन या कन्सोलवर ती हॉलमधल्या टीव्हीवर हाच खेळ खेळत होती. आई शेजारी येऊन बसली. पाच-दहा मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली,

"का गं, ह्या तळ्याला एवढं पाणी कुठून यायलंय? उन्हाळा लागलाय म्हणतीस आन् तळं तर काठोकाठ."

"आजी, गेममध्ये पाणी संपत नाही."

"आन् ज्वारी न्हाई का लावली?"

"ज्वारी नाहीये यात. मका आहे."

"मग लाव की ज्वारी."

"नाही लावता येत, आजी. त्यांनी दिलंय तेवढंच."

आई गप्प बसली. मला मात्र ते वाक्य लागलं. चौदा वर्षांची पोर, हातात महागडं यंत्र, समोर शेताचं एक अख्खं जग, आणि तिला पक्कं ठाऊक की इथे 'त्यांनी दिलंय तेवढंच'.

ती खरंच बोलत होती. कन्सोलवर खेळ जसा विकत मिळतो तसाच राहतो. त्याच्या फायली खेळणाऱ्याला दिसत नाहीत, त्यात काही घालता येत नाही, काही काढता येत नाही. नवी आवृत्ती त्या यंत्रासाठी वेगळी बांधावी लागते, मग कन्सोल बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणीतून जाऊन ती घरी पोचते. म्हणून 'स्टारड्यू'ची १.६ ही मोठी आवृत्ती कॉम्प्युटरवर १९ मार्च २०२४ ला आली आणि कन्सोलवर ४ नोव्हेंबरला. साडेसात महिने. 'द सिम्स ४' तर कॉम्प्युटरवर २०१४ ला आला, कन्सोलवर २०१७ उजाडलं, आणि खेळणाऱ्यांनी स्वतः बनवलेले कपडे, भांडीकुंडी, नवे नियम, ज्याला मोड म्हणतात, ते कन्सोलवर कित्येक वर्षं घालता येत नव्हते. यंत्रात ताकद नाही म्हणून हे होतं असं समजू नका. 'फॉलआउट ४' या खेळाला २०१६ मध्ये कन्सोलवर मर्यादित मोड मिळाले होते. प्रश्न परवानगीचा आहे, आणि ती क्वचितच मिळते.

त्याच वर्षी दिवाळीत भाची मामाच्या गावाला आली. आमच्याकडे लातूरहून घेतलेला एक जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी मेमरीचा. 'स्टारड्यू'ला २ जीबी पुरते, त्यामुळे तो बिनतक्रार चालतो. माझा मुलगा अकरावीत, त्याने सवलतीत खेळ विकत घेतलेला. पहिल्या दिवशी पोर रुसली. तिच्या कन्सोलवर तिचं शेत दुसऱ्या वर्षात होतं, गोठा होता, कोंबड्या होत्या, आणि त्यातलं काही इथे आणता येईना. प्लेस्टेशनवर जपलेला खेळ कॉम्प्युटरवर आणायची सोयच नाही. मुलाने तिला स्वतःच्या शेताची फाईल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. साधी मजकुराची फाईल. शेतकऱ्याचं नाव, गाठीचं सोनं, कुठल्या चौकोनात काय पेरलंय, सगळं ओळीने लिहिलेलं. पेन ड्राइव्हवर घेतली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर शेत जसंच्या तसं उभं. तिचा रुसवा तिथेच गेला, कारण आता तिला त्या ओळीच वाचायच्या होत्या.

मग तिला आजीची ज्वारी आठवली.

पुढचे चार दिवस घरात जे झालं ते मी जवळून बघितलं. 'स्मापी' नावाचा एक मोफत प्रोग्राम खेळाच्या सोबत चालवायचा, त्यावर 'कंटेंट पॅचर' नावाचा दुसरा, आणि मग मोड्सच्या फोल्डरमध्ये आपली चित्रं आणि आपली मजकुराची फाईल ठेवायची. खेळ सुरू होताना मूळ मक्याच्या जागी आपलं पीक उभं राहतं. मूळ खेळाला धक्का लागत नाही. फोल्डर काढलं की मका परत. पोरांनी मक्याचीच जागा निवडली, कारण त्याचं ताट, म्हणजे धांडा, ज्वारीसारखं दिसतं. मका त्या खेळात पाच टप्पे ओलांडून १४ दिवसांत तयार होतो. म्हणजे ज्वारीचेही पाच टप्पे काढायला हवेत. कुठले?

दोघं आईकडे गेली. आईने बोटांवर मोजत सांगितलं, आधी कोंब, मग गुडघ्याएवढी, मग पोटरीत येते, म्हणजे कणीस पानांच्या आत फुगतं, मग निसवते, म्हणजे कणीस बाहेर पडतं, मग हुरड्यात येते, आणि त्यानंतर पक्की. भाचीने 'पोटरी' हा शब्द पायाशिवाय दुसरीकडे कधी ऐकलाच नव्हता. आईने तिला वावरात नेलं. रब्बीची ज्वारी तेव्हा गुडघ्याला लागत होती, म्हणजे दुसरा टप्पा डोळ्यांसमोर होता. कणीस बघायला आढ्याला बियाण्यासाठी टांगलेला मागच्या सालचा झुबका खाली काढला. पोरीने ते कणीस मांडीवर घेऊन १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनात चितारलं. एवढ्याशा चौकोनात दाण्याची चमक दाखवायला तिने पांढऱ्याशेजारी फिक्का पिवळा ठिपका ठेवला. आईने चष्मा लावून बघितलं आणि सांगितलं, कणीस फार सरळ झालंय, दाणा भरला की ते वाकतं. तिने ते वाकवलं.

आईचा खरा आक्षेप पुढे होता. खेळातला मका एकदा तोडला की दर चार दिवसांनी पुन्हा कणीस धरतो. आई म्हणाली, "ज्वारी असं करत न्हाई. काढली की काढली." फाईलमध्ये पुन्हा येण्याच्या दिवसांचा एक आकडा असतो. तो बदलला. मग ऋतू. मका तिथे उन्हाळा आणि शरद या दोन ऋतूंत येतो. आईची ज्वारी थंडीची. ऋतूंच्या यादीत हिवाळा लिहिला, आणि त्या अनोळखी दरीत, बर्फ पडत असताना, रब्बीची ज्वारी उभी राहिली. बर्फातली ज्वारी बघून आई हसली, पण ती ज्वारी आहे हे तिने मान्य केलं.

नावापाशी मात्र गाडं अडलं. मूळ फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. वेगळा फॉन्ट घातला तरी खेळाचं इंजिन एकेक अक्षर सुटं मांडतं, त्याला जोडाक्षर कळत नाही. 'ज्व' फुटून 'ज' आणि 'व' वेगळे पडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागे जाते. मुलगा म्हणाला, रोमन लिपीत लिहू. भाचीने ऐकलं नाही. तिने बियांच्या पिशवीच्या चित्रावरच नाव काढायला घेतलं. त्या चौकोनात 'ज्वा' एवढंच बसलं. तिने तेवढंच ठेवलं.

हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं, कारण माझा युक्तिवाद त्यातच आहे. चार दिवसांत त्या पोरीने आजीकडून पिकाच्या वाढीचे शब्द घेतले, वावरात जाऊन ताट मोजलं, फाईलची रचना समजून घेतली, आणि आपली लिपी कॉम्प्युटरच्या आत कुठे अडते हे तिला स्वतःच्या हाताने कळलं. यातलं काहीही शिकवण्यासाठी कुणी बसवलं नव्हतं. खेळ तोच, पोर तीच. संभाजीनगरच्या हॉलमध्ये 'त्यांनी दिलंय तेवढंच' म्हणणारी पोर इथे आजीला विचारत होती, "अजून काय काय राहिलंय?" आजीने येळवस, म्हणजे आमच्याकडचा वेळा अमावास्येचा सण, सांगितला, वावरातली कडब्याची कोप, भज्जी, आंबील. त्या खेळात सण आहेत. वसंतात अंडी शोधण्याचा सण आहे. येळवस का असू नये?

भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी, ४ नोव्हेंबरला, कन्सोलवर १.६ आली. भाची घरी गेल्यावर तिचा फोन आला, आमच्याकडेपण नवं आलं मामा, पण ज्वारी नाही.

या खेळाच्या जन्माची कथा आमच्या कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. १९९६ साली जपानमध्ये यासुहिरो वादा यांचा 'हार्वेस्ट मून' आला, निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम कन्सोलवर. 'स्टारड्यू'सारख्या शेतीच्या खेळांचं मूळ ते. म्हणजे शेतीच्या खेळाचा हा प्रकार कन्सोलवरच जन्मला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. अमेरिकेत एरिक बॅरोन नावाच्या मुलाला त्या खेळाने वेड लावलं. मालिकेचे पुढचे भाग त्याच्या मनासारखे उतरेनात. कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेऊन त्याला नोकरी मिळाली नव्हती. सिएटलच्या एका नाट्यगृहात तो प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. घरी कॉम्प्युटर होता. सरावासाठी म्हणून त्याने मनातला शेतीचा खेळ लिहायला घेतला. प्रोग्राम, चित्रं, संगीत, संवाद, सगळं एकट्याने, चार वर्षांहून जास्त काळ. तोच 'स्टारड्यू व्हॅली', ज्याच्या आजवर चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. कन्सोलवरच्या खेळाने त्या पोराला ओढ लावली, हे खरं. पण ती ओढ पुढे न्यायला त्याला कॉम्प्युटर लागला. आमच्या वाचनालयात येणाऱ्या पोरासोरांना आपण ओढ लावून तिथेच सोडणार आहोत का?

भाषेचं बघा. हा खेळ अधिकृतपणे १२ भाषांत आहे. त्यात हंगेरियन आहे, तुर्की आहे, एकही भारतीय भाषा नाही. हंगेरियन बोलणारे जगात दीड कोटीच्या आत आहेत. मराठी मातृभाषा असणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते. कन्सोलवर आपण फक्त वाट बघू शकतो. कॉम्प्युटरवर मात्र २०२१ पासून कुणालाही या खेळाला नवी भाषा जोडायची सोय आहे. जोडाक्षरांची अडचण आहेच, ती मी वर सांगितली. ती सोडवणारा कुणीतरी मराठी मुलगा किंवा मुलगी असणार, आणि ती अडचण आहे हे त्यांना कळण्यासाठी आधी त्यांच्या हाती उघडता येणारा खेळ यायला हवा.

आता समोरच्यांचं. त्यांच्यातही प्रामाणिक माणसं आहेत आणि त्यांचे मुद्दे मला उडवून लावायचे नाहीत. सगळ्यांत वजनदार मुद्दा आमच्या ग्रंथपालांनी मांडला. कन्सोल टीव्हीला लागतो, टीव्हीसमोर चार जण बसतात. कॉम्प्युटरसमोर पोर एकटं वाकून बसतं. हे खरं आहे. माझ्या आईने ज्वारीचा प्रश्न विचारला तो टीव्हीसमोर बसून विचारला. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यासमोर ती कदाचित बसलीही नसती. हा मुद्दा मी सोबत घेतो. पण टीव्ही कन्सोलच्या मालकीचा नसतो. एका केबलने कॉम्प्युटर टीव्हीला जोडता येतो. कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचं बटणांचं साधन, तोही जोडता येतो. 'स्टारड्यू' कॉम्प्युटरवरसुद्धा कंट्रोलरने छान खेळता येतो, आणि २०२० च्या १.५ आवृत्तीपासून एकाच पडद्याचे भाग करून अनेकांना एका शेतात राबता येतं. म्हणजे कन्सोलचं जे सुख आहे ते कॉम्प्युटरला मिळतं.

दुसरा मुद्दा बिघाडाचा. कन्सोल लावला की चालतो, कॉम्प्युटर रोज काहीतरी मागतो. तेही खरं. १.६ आली तेव्हा कितीतरी जुने मोड बंद पडले आणि लोकांना महिनोन् महिने दुरुस्त्या कराव्या लागल्या. अनोळखी ठिकाणाहून काहीही उतरवून घेतलं तर व्हायरस येतो. यावर उपाय एवढाच की इंटरनेट बंद ठेवावं आणि मोड ग्रंथपालांनी तपासून आणावेत. एकदा बसवला की खेळाला नेट लागत नाही. पालकांची 'पोरं भलतीकडे जातील' ही काळजीही त्यातच मिटते. आणि चोरीची प्रत आणू नये. पेन ड्राइव्हवरून खेळ फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे. एका माणसाने चार वर्षं राबून केलेलं काम आहे, त्याचे पैसे द्यावेत. वाचनालयाने तरी झेरॉक्सवर ग्रंथसंग्रह उभा करू नये.

खर्चावर फार बोलत नाही. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ ला ४९,९९० रुपयांना आला, पुढे ५४,९९० झाला. तेवढ्यात दोन जुने पण धडधाकट कॉम्प्युटर येतात, आणि खेळाची वेळ संपली की त्यांवर शिष्यवृत्तीचा आणि पीकविम्याचा अर्ज भरता येतो. वीज गेली तर? हा खेळ दिवस मावळून माणूस झोपला तेव्हाच जपला जातो. मध्येच लाईट गेली की पोराचा अख्खा दिवस पाण्यात. कॉम्प्युटरला यूपीएस असतोच, कन्सोलला आपल्याकडे कोण लावतो?

'मुक्तद्वार' हा शब्द आपल्या वाचनालयांच्या ओळखीचा आहे. कपाटं कुलपात ठेवून खिडकीतून मागेल ते पुस्तक देण्याची पद्धत मोडून वाचकाला थेट कपाटापाशी जाऊ दिलं, तेव्हा अनेक कार्यकारिणींत याहून मोठी भांडणं झाली असतील. पुस्तकं फाटतील, चोरीला जातील, जागा बदलतील. थोडी फाटली, थोडी गेली. पण वाचक कपाटापाशी उभा राहून शोधायला शिकला, न मागितलेलं पुस्तक त्याच्या हाती लागलं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि लोकांसाठी खुली जागा असणं हाच वाचनालयाचा अर्थ आहे. पुस्तकांसाठी दार उघडलेल्या संस्थेने लेकरांसाठी कुलूपबंद खेळ विकत आणावा, हे मला पटत नाही.

आणि आपल्या भागासाठी हे जास्त महत्त्वाचं का, तेही सांगतो. खेळातल्या शेतात पाणी दिलं नाही तर पीक मरत नाही, फक्त वाढायचं थांबतं. पावसाने दगा दिला, बियाणं बोगस निघालं, भाव पडला, यातलं काही तिथे नाही. मी त्या खेळाला दोष देत नाही. त्याने विसावा द्यावा म्हणूनच तो केलेला आहे. पण मराठवाड्यातल्या पोरांना शेती म्हणजे काय हे ठाऊक आहे. तळं आटणारा उन्हाळा, टँकरची रांग, दुबार पेरणी त्यांनी पाहिली आहे. त्यांच्यातल्या एखादीला वाटलं की आपल्या शेतातलं तळं चैत्रात आटलं पाहिजे, तर तिला तो नियम लिहिता यावा. वाटलं की नको, इथे तरी ते भरलेलंच राहू दे, तर तेही तिनेच ठरवावं.

कार्यकारिणीकडे मी लेखी मागणी दिली आहे. दोन कॉम्प्युटर, एक यूपीएस, चार कंट्रोलर, एक टीव्ही आणि जोडायची केबल. 'स्टारड्यू व्हॅली'च्या दोन विकत घेतलेल्या प्रती. दर शनिवारी दुपारी दोन तास, एका वेळी आठ मुलं, सोबत कुणाची तरी आजी किंवा आजोबा. आणि एक दोनशे पानी वही, ज्यात मुलांनी खेळात नसलेली पिकं, सण आणि शब्द लिहून ठेवायचे. वहीचं पहिलं पान भाचीने भरून पाठवलं आहे: कोंब, गुडघ्याएवढी, पोटरी, निसवणं, हुरडा.